डोंगरात भेटलेला देव घरी का सापडत नाही?

प्रिय मावशी, सलाम.

मी वीस वर्षांची आहे, अहिल्यानगरला बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाबरोबर दहा दिवस नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या वरच्या एका पाड्यावर सेवेसाठी गेले होते. आम्ही सोळा जण होतो. पहाटे प्रार्थना, दिवसा मुलांचे कार्यक्रम, एक दिवस आरोग्य शिबिर, रात्री तिथल्या लोकांच्या पावरी भाषेतली भजनं. देव इतका जवळ मला कधीच वाटला नव्हता. शेवटच्या रात्री मी रडत रडत साक्ष दिली, माझं आयुष्य प्रभूचं आहे म्हणाले. आता जानेवारी उजाडला. बायबल कपाटात पडून आहे. रविवारी उपदेश चालू असताना मी घड्याळ बघते. ती रात्र खोटी होती का? मी ढोंगी आहे का?

आणखी एक गोष्ट मनात सलते. शिबिरात एक बाई तापानं फणफणलेलं बाळ घेऊन आली होती. आधी प्रार्थनेला बसा, मग डॉक्टर बघतील, असं आमच्यातल्या एकानं तिला सांगितलं. ती बसली. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या रात्री मला प्रार्थना करता आली नाही, आणि हे मी कुणाला सांगितलेलंही नाही.

आम्ही मुली ज्या आजीकडे उतरलो होतो, तिनं स्वतःची खाट आम्हाला दिली आणि ती खाली झोपली. एक दिवस आमच्यासाठी कोंबडीही कापली. निघताना तिनं विचारलं, परत कधी? मी म्हणाले, लवकर.

आता संघाचे दादा म्हणतात, मे महिन्यात पुन्हा चल, आणि देवाचं पाचारण आहे तर कॉलेजचं एक वर्ष सोडून पूर्णवेळ सेवेला ये. पप्पा म्हणतात, आधी कोर्स. मम्मी काहीच बोलत नाही. मी काय करू?

– तुमची एक वाचक

प्रिय बाळ, सलाम.

नाही, तू ढोंगी नाहीस. तुला बरं वाटावं म्हणून हे म्हणत नाही. त्या दहा दिवसांचा दिनक्रम तूच लिहून पाठवला आहेस, तो जरा नीट बघ. पहाटे कुणीतरी हाक मारून उठवत होतं. सोबतची सगळी मुलं तेच गात होती, तेच मागत होती. फोनला रेंज नसेल, असली तरी नावालाच. परीक्षा नाही, घरचं काम नाही, बसची गर्दी नाही. आणि आता? सकाळी सातला वॉर्डात हजर, दुपारी लेक्चर, संध्याकाळी घरी येऊन केस स्टडी लिहायची, रात्री डोळे मिटत असताना बायबल उघडायचं आणि वर स्वतःला बोल लावायचा, की माझा विश्वास कुठे गेला. डोंगरात तुझ्या प्रार्थनेला सगळ्या बाजूंनी आधार होता. इथे तो आधार नाही. ती रात्र खोटी ठरत नाही यामुळे. एवढंच कळतं, की आता हे तुला एकटीनं शिकायचं आहे.

जुन्या करारातल्या एलीया संदेष्ट्याचं आठव. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरताना त्यानं डोळ्यांनी पाहिला, आणि लगेच पुढच्या अध्यायात हाच माणूस रानात एका झुडपाखाली पडून मरण मागतो आहे. देवदूत आला, पण त्यानं उपदेश केला नाही. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलं. एलीयानं खाल्लं, परत झोपला, देवदूतानं परत उठवून खायला लावलं. बोलणं झालं ते त्यानंतर, कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर. तुझं पत्र वाचून मला दाट शंका येते की दिवाळीपासून तुला पुरेशी झोपच मिळालेली नाही. नर्सिंगच्या पोरींची ही नेहमीची कथा आहे. तेव्हा या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी आधी झोप काढ. हा सल्ला हलका समजू नकोस, शास्त्रातूनच देते आहे.

आणि हे फक्त तुझंच होतं असंही समजू नकोस. १९९८ साली मध्य अमेरिकेत होंडुरास देशात मिच नावाचं भयंकर चक्रीवादळ आलं. हजारो घरं वाहून गेली. त्यानंतर उत्तर अमेरिकेतल्या मंडळ्यांमधून तरुणांचे गट घरं बांधायला तिकडे जात राहिले. कर्ट व्हर बीक नावाच्या समाजशास्त्राच्या एका प्राध्यापकानं पुढे या मुलांना गाठून विचारलं, की तुमच्या आयुष्यात काय बदललं. बहुतेकांनी सांगितलं, खूप बदललं. पण प्रत्यक्षात त्यांचं दान किती वाढलं, त्या लोकांशी संबंध किती राहिला, हे तपासलं तेव्हा फरक फारच थोडा निघाला. दुसरी बाजूही त्यानं बघितली. परदेशी पाहुण्यांनी बांधलेल्या घरातली कुटुंबं आणि होंडुरासमधल्याच संस्थांनी बांधलेल्या घरातली कुटुंबं, यांच्या आयुष्यात काही फरक पडला का? नाही पडला. एका घराला साधारण २,००० डॉलर लागायचे, आणि एका गटाच्या दौऱ्याचा खर्च साधारण ३०,००० डॉलर व्हायचा.

हे वाचून सेवादौरे बंदच करावेत असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. तरुण संघात मी बरीच वर्षं काम केलं आहे, आणि अशा दौऱ्यावरून आल्यावर ज्यांचा विश्वास खरोखर मुरला अशी मुलंमुली मी पाहिली आहेत. पण त्यांच्या बाबतीत दौरा दहा दिवसांत संपला नव्हता. त्या प्राध्यापकांनीही निष्कर्ष हाच काढला: जाण्याआधी तयारी आणि आल्यावर कुणीतरी धरून ठेवणारं, विचारपूस करणारं असेल तरच बदल टिकतो. आपल्या मंडळ्यांमध्ये नेमकं हेच होत नाही. मुलं परत येतात, रविवारी त्यांना साक्षीला दहा मिनिटं मिळतात, पडद्यावर फोटो दाखवतात, सगळे प्रभूची स्तुती असो म्हणतात, आणि पुढच्या रविवारी त्याच मुलांना पार्किंगला उभं करतात. तुझ्या साक्षीनंतर तुला कुणी एकदा तरी घरी बोलावून विचारलं का, की पोरी, तिथे काय पाहिलंस, काय खटकलं? पत्रात तसं काही दिसत नाही. नाहीतर त्या तापलेल्या बाळाची गोष्ट तू दोन महिने पोटात ठेवली नसतीस.

आता कोंबडीकडे येते. तू ती एका वाक्यात लिहून पुढे गेलीस, माझं मन तिथेच अडकलं.

अक्राणी (धडगाव) तालुक्यातल्या त्या पाड्यांवर कोंबडी म्हणजे नुसतं कालवण नसतं. घरात रोख पैसा जवळपास नसतोच. मीठ-तेल संपलं, कुणी आजारी पडलं, पोराला शाळेत पाठवायचं झालं, की एखादी कोंबडी उचलून आठवड्याच्या बाजाराला न्यायची. कोंबडी ही घरातली शिल्लक. दिवाळीनंतर त्या भागातली किती तरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, ती काही हौसेनं नाही. मागे राहतात म्हातारी माणसं, आणि त्यांच्याजवळ चार कोंबड्या, एखादी शेळी, कणगीत मका-ज्वारी असेल तेवढी. त्यातली एक कोंबडी त्या आजीनं तुमच्यासाठी कापली. वर खाट दिली. तुम्ही आणलेल्या रंगीत कागदांची आणि गोळ्यांची किंमत आणि त्या कोंबडीची किंमत, दोन्ही तिच्या घरच्या हिशेबात मांडून बघ. मग मला सांग, तिथे सेवा कुणी कुणाची केली?

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभूनं सत्तर जणांना पाठवलं, ते काढून वाच, यावेळी सावकाश. हा दौराच होता की. थोड्या दिवसांचा, परत येऊन सांगायचा. पण त्यानं काय सांगून पाठवलं? पैशाची पिशवी नको, झोळी नको, वहाणा नकोत. ज्या घरात उतराल तिथेच राहा, घरं बदलत फिरू नका. जे पुढ्यात वाढतील ते खा. माझ्या वाचण्यात ही सगळी पाहुण्याला सांगायची वाक्यं आहेत. त्यानं आपल्या लोकांना रिकाम्या हातांनी पाठवलं, म्हणजे त्यांना दुसऱ्याच्या दारात उभं राहून घ्यावं लागावं. देणाऱ्याचा विश्वास पक्का होत नाही असं नाही, पण देताना माणूस वरच्या पायरीवर उभा असतो आणि तिथून देव फार स्पष्ट दिसत नाही. तू त्या आजीच्या खाटेवर झोपलीस तेव्हा त्या पायरीवरून खाली उतरली होतीस. मला वाटतं, देव जवळ वाटला तो त्यामुळे. भजनांनी वाटला असेलच, पण भजनं तर नगरच्या मंडळीतही आहेत.

ते सत्तर जण परत आले तेव्हा आनंदानं फुलून गेले होते. प्रभू, तुझ्या नावानं भुतंसुद्धा आम्हाला वश होतात! त्यांचीही ती साक्षीची रात्रच म्हण ना. प्रभूनं त्यांचा आनंद मोडला नाही. पण सांगितलं, की भुतं वश झाली याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. डोंगरात जे घडलं त्यावर तुझं नाव अवलंबून नव्हतं, आणि जानेवारीत घड्याळ बघितलंस म्हणून ते खोडलं गेलं नाही.

शिबिराबद्दल मी थोडं कडक बोलणार आहे. तुला खटकलं ते खटकायलाच हवं होतं. त्या रात्री तुला प्रार्थना करता आली नाही, ते तुझ्या विश्वासाचं कमी असणं नव्हतं. मी तर म्हणेन की त्या सगळ्या दौऱ्यात तुझा विश्वास सर्वात जागा त्या रात्री होता. कडेवर तापलेलं लेकरू असलेली आई नाही म्हणू शकत नाही. जी नाही म्हणू शकत नाही, तिच्या हो म्हणण्याला काय अर्थ? ज्यानं सांगितलं त्याच्या मनात वाईट नसेल, घाईत त्याला सुचलं असेल. तरी ते चुकीचंच होतं.

आणि प्रभूनं तसं कधी केलं? बेथेसदा तळ्याकाठी अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला त्यानं बरं केलं, आणि योहान लिहितो की आपल्याला कुणी बरं केलं हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. आधी बस, मग बरा करतो, अशी अट नव्हती. दहा कुष्ठरोग्यांना शुद्ध केलं, एकच परत आला. बाकी नऊ कुठे आहेत, असं त्यानं विचारलं खरं, पण त्या नऊ जणांचं बरेपण त्यानं परत घेतलं नाही. ताप आलेल्या बाळाला आधी तपासायचं, औषध द्यायचं, झटके आले का आणि आई पाजते आहे का विचारायचं. हे तुला मी काय सांगू, तू शिकतेच आहेस. प्रार्थना तिनं मागितली तर करायची. नाही मागितली तर रात्री आपल्या खोलीत तिच्या नावानं करायची, तिला न सांगता.

कायद्याची बाजूही एका वाक्यात सांगून ठेवते, कारण तरुणांना ती कुणी सांगत नाही. राज्यघटनेच्या कलम २५ नं आपल्याला धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचाही हक्क दिला आहे, पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. औषधाला प्रार्थनेची अट जोडली की लोभ दाखवल्याचा आरोप ओढवतो, आणि तो भोगावा लागतो तुम्ही निघून आल्यावर तिथल्या गरीब विश्वासणाऱ्यांना. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

एका दिवसाच्या शिबिराबद्दल आणखी एक, तू नर्स होणार आहेस म्हणून. पाच दिवसांच्या गोळ्यांनी कुणाचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, आणि तुम्ही गेल्यावर त्या बाईनं कुठे जायचं? पुढच्या वेळी शिबिर घ्यायचंच असेल तर पाड्याच्या आशाताईला आधी भेटा, तिच्या वहीत कोण गरोदर आहे, कुठलं मूल कमी वजनाचं आहे ते सगळं असतं. जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. तपासलेल्यांची नावं आशाताईच्या हातात देऊन या. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला जुनं ख्रिस्ती रुग्णालय आहे. तिथली माणसं त्या भागात वर्षाचे बारा महिने असतात, त्यांना विचारा की आमच्यासारख्यांचा खरा उपयोग कुठे होईल. मुलांचे फोटो ग्रुपवर टाकू नका, एवढं बोलून तो विषय सोडते.

आता तुझं पाचारण, आणि कॉलेजचं वर्ष.

दादांचा जिव्हाळा मला कळतो. शेवटच्या रात्री रडणारी मुलगी बघून कुणालाही वाटेल की हिला आत्ताच पकडलं पाहिजे, नाहीतर संसाराला लागेल. पण आयडा स्कडरची हकीगत त्यांना सांग. घराणं मिशनऱ्यांचं, आजोबा-वडील सगळे डॉक्टर, आणि हिला मात्र मिशनरी व्हायचंच नव्हतं. १८९० साली आई आजारी म्हणून ती तमिळनाडूत आली, थोड्या दिवसांसाठी. एका रात्री एकामागून एक तीन जण दारात आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. आयडाचे वडील डॉक्टर होते, पण परपुरुषाला बायकोला हात लावू द्यायला एकही तयार नव्हता. त्यांना ती मुलगी हवी होती, आणि ती मुलगी म्हणत होती की मला यातलं काही येत नाही. सकाळपर्यंत तिन्ही बायका दगावल्या. तिला जे कळायचं ते त्या रात्री कळलं. पण दुसऱ्या दिवशी ती गावोगाव सेवेला निघाली नाही. ती अमेरिकेला परत गेली, वैद्यकी शिकली, १८९९ साली पदवी घेतली आणि मग १९०० साली वेल्लोरला आली. तिथे केवढं मोठं ख्रिस्ती रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं ते नर्सिंगच्या मुलीला मी सांगायला नको. १९०९ मध्ये तिनं तिथे परिचारिकांची शाळा काढली. त्या रात्री तिच्या मनात कळवळा होता आणि हातात काहीच नव्हतं, हे ती विसरली नाही.

तुझ्या हातात आज दीड-दोन वर्षांचं शिक्षण आहे. त्या डोंगरात बाळंतपणात अडलेल्या बाईला, कुपोषित पोराला, तुझ्या साक्षीपेक्षा तुझ्या चौथ्या वर्षाच्या निकालाचा जास्त उपयोग आहे. पप्पांशी या बाबतीत माझं पूर्ण एकमत आहे. फक्त त्यांनाही एक सांग, की कोर्स झाल्यावर हा विषय पुन्हा निघणार आहे. आधी कोर्स म्हणजे पुढे कधीच नाही, असं त्यांच्या मनात असेल तर ते आत्ताच मोकळेपणानं बोलून घ्या. मम्मी गप्प आहे ती का, तेही तिला एकटीला गाठून विचार. बायका गप्प असतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी असतं.

पूर्णवेळ सेवा हाच खऱ्या भक्तीचा पुरावा, हे खूळ तरुण संघांमधून जायला हवं. आपल्याकडे मंडळ्या उभ्या करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचा उगम कुठे आहे हे नगरच्या मुलांना शिकवतात की नाही कोण जाणे. १८०६ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी रानात प्रार्थनेला जमले होते. वादळी पाऊस आला म्हणून ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले, आणि तिथे त्यांचं बोलणं आशिया खंडात सुवार्ता नेण्यावर आलं. तुझ्याच वयाची मुलं. त्यातल्या हार्वी लूमिसनं तर विरोध केला, इतक्यात नको म्हणाला. पुढे काय झालं बघ. जेम्स रिचर्ड्स श्रीलंकेत जाफन्याला गेला. ज्याच्या डोक्यातून हे निघालं तो सॅम्युएल मिल्स आफ्रिकेहून परतताना समुद्रात वारला. लूमिस आणि रॉबिन्स आपल्याच देशात पाळक (पास्टर) झाले. पाचवा, बायरम ग्रीन, राजकारणात गेला आणि तिथल्या संसदेत निवडून आला. एकच पाऊस, एकच प्रार्थना, आणि पाच वेगळ्या वाटा. त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईला उतरला. कंपनी सरकारला तो नको होता, परत पाठवण्याचा हुकूम निघाला, तरी तो चिकटून राहिला. मराठी शिकला, शाळा काढल्या, भाषांतराला बसला. १८२६ साली तो नाशिककडे गेला असताना तिथे पटकीची साथ होती. जवळचं औषध त्यानं तिथल्या आजाऱ्यांना वाटून टाकलं, आणि परतीच्या वाटेवर त्यालाच पटकी झाली. त्यात तो वारला. आपल्या मंडळ्या या माणसांच्या श्रमातून उभ्या आहेत. हॉल तेरा वर्षं इथे राहिला आणि लोकांची भाषा शिकला. तुला पावरी किती आली, दहा दिवसांत? आजीशी बोलायला मध्ये कुणी लागत होतं ना? ती भाषा शिकायला आत्तापासून सुरुवात कर. तिथल्या पाळकांकडून रोज चार वाक्यं फोनवर मागवून घे.

तिथले पाळक म्हणजे जे तुम्ही नसताना पाड्यापाड्यांवर पायी फिरतात ते. ख्रिस्त काही तुमच्या गाडीतून धडगावला गेला नव्हता. तिथे मंडळी होती, गाणी होती, प्रार्थना होती. म्हणूनच तर तुम्हाला पावरी भजनं ऐकायला मिळाली.

विश्वास कोरडा पडला असं वाटतं तेव्हा मी दूर पाहायला सांगत नाही, जवळ पाहायला सांगते. या घडीला तुझ्या जिल्ह्यात ऊसतोडीचा हंगाम भरात आहे. बीडकडची, पाथर्डीकडची कुटुंबं साखर कारखान्यांच्या आसपास उसाच्या पाचटाच्या कोप्यांमध्ये राहताहेत. पहाटे फडात जाणाऱ्या बाया, त्यांची अंगावर पिणारी पोरं, पाळी आली तरी मोळ्या उचलणाऱ्या मुली. त्या आजीच्या पाड्यावरची माणसं आज गुजरातेतल्या उसात जशी असतील, तशीच ही. तुमच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेतून किंवा जवळच्या आरोग्य केंद्राच्या नर्सताईबरोबर महिन्यातून एका रविवारी दुपारी एका तळावर जा. तिकडे गाणी नकोत, बॅनर नको, साक्षही नको. रक्तदाब मोजायचा, लसीचं कार्ड बघायचं, ऐकून घ्यायचं, आणि पुढच्या वेळी त्याच कोपीत पुन्हा जायचं. संघातली एक मैत्रीण सोबत घे, दोघी दोघी जाणंच बरं. आल्यावर तिच्याबरोबर बसून एक स्तोत्र वाचा, लहानसं. सध्या तुला एवढंच बायबल पुरे. घड्याळ बघत का होईना, रविवारच्या उपासनेलाही जात राहा.

मे महिन्याचं उत्तर आता देते. सोळा जणांनी मे महिन्यात त्या पाड्यावर जाऊ नये असं माझं मत आहे. सातपुड्यात मे म्हणजे पाण्याचे वांधे. हातपंप कोरडे पडतात, बाया दरीत उतरून झऱ्याचं पाणी भरतात. तुमच्या अंघोळीचं, भांड्यांचं पाणी कुणाच्या डोक्यावरून वर येणार? सुट्टी आपली मे महिन्यात असते, पण आजारपणाचा आणि पोट खपाटीला जाण्याचा काळ तिथे पावसाळ्यात असतो. म्हणून तिथल्या पाळकांना विचारा की केव्हा यावं आणि किती जणांनी यावं. त्यांनी मे सांगितला तर तू आणि अजून एखाददुसरी, एवढ्याच जा, धान्य आपलं घेऊन जा आणि थेट आजीच्याच घरी उतरा. त्यांनी पावसाळा सांगितला तर कॉलेजचं वेळापत्रक बघून चार दिवस काढ.

पण आजीला त्याआधी निरोप गेला पाहिजे, याच आठवड्यात. लवकर येते असं तिला सांगून तू आलीस आणि दोन महिने झाले. पाळकांच्या फोनवरून तिच्याशी बोल किंवा निरोप तरी पोचव: अभ्यास आहे, अमुक महिन्यात बघते, नक्की झालं की कळवते. नक्की नसेल तर नक्की नाही असंच सांग. तिला खरं सांगितलेलं चालेल, आशेवर ठेवलेलं चालणार नाही.

आणि शिबिराची ती गोष्ट तुझ्या पाळकसाहेबांच्या कानावर घाल. एकटीला संकोच वाटत असेल तर मम्मीला सोबत ने. कुणाचं नाव घ्यायची गरज नाही. पुढच्या वेळी औषधाला कसलीही अट असणार नाही एवढं संघानं ठरवून कागदावर लिहावं, इतकंच माग. ते काय म्हणाले ते मला कळव. त्यांनी विषय टाळला तर आपण दोघी मिळून त्यांना पत्र लिहू.

ख्रिस्तात तुझी,
मावशी